कोंडवाड्याची वही

पांझरा नदी सह्याद्रीच्या ज्या डोंगरांत उगम पावते, त्यांच्या पायथ्याशी पिंपळनेर वसले आहे. ब्रिटिश अमदानीत हा सारा तालुका पिंपळनेरच्याच नावाने ओळखला जाई. पुढे तालुक्याचे ठाणे आणि नाव दोन्ही साक्रीकडे गेले. त्या काळी इथल्या डोंगरउतारांवर रोशा गवताचे तेल काढत. ते कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादत आणि कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेच्या पेठेला पाठवत. पश्चिमेच्या कोकणी, भिल्ल आणि मावची पाड्यांवर डोंगरी पावसाला टिकणारी डांगी गुरे, माळरानावर ठेलाऱ्यांची मेंढरे, काळ्या जमिनीत औताचे बैल. जनावर हेच इथले वाहन, तेच भांडवल आणि अडल्या वेळची पुंजीही तीच.

जनावरे एवढी म्हटल्यावर त्यांतली काही चुकणार, काही दुसऱ्याच्या पिकात शिरणार, काही म्हातारी होऊन धन्याला नकोशी होणार. असे जनावर शेवटी कोणाच्या तरी हाती येते. ज्याच्या हाती आले त्याने त्याचे काय केले, कोणाला सांगून केले, त्याच्या नावावर पैसा आला असेल तर तो कुठे गेला, हे प्रश्न तिथूनच सुरू होतात. आज गावोगावी आणि शहरोशहरी गाडीखाली जखमी झालेली कुत्री उचलून नेणारे, उकिरड्यावरच्या पिल्लांना घर शोधून देणारे तरुण दिसतात. त्यांच्यापुढेही हेच प्रश्न आहेत. पिल्लू ज्याच्या हवाली केले तो माणूस कोण? ऑपरेशनसाठी गोळा केलेले पैसे ऑपरेशनलाच लागले का? निवाऱ्यात पन्नास कुत्री आहेत असे सांगतात, ती मोजली कोणी?

या प्रश्नांना महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे आणि त्यात दोन संस्था ठळकपणे उभ्या आहेत: कोंडवाडा आणि पांजरपोळ. कोंडवाडा सरकारचा, पांजरपोळ महाजनांचा. कोंडवाड्याने नोंद ठेवायला शिकवले, पांजरपोळाने सांभाळ करायला. नोंद होती तिथे माया नव्हती आणि माया होती तिथे बऱ्याचदा नोंद नव्हती. प्राण्यांसाठी धडपडणाऱ्या आजच्या मंडळींना पांजरपोळाचा वारसा सहज आठवतो. कोंडवाड्याचा वारसा मात्र कोणी सांगत नाही आणि आज गरज आहे ती त्याचीच.

कोंडवाड्याच्याही आधी माग काढण्याची रीत होती. गुरे चोरीला गेली की गावचे जागले खुरांचे ठसे पाहत निघत. खानदेशात हे काम बहुतकरून भिल्लांकडे असे. माग ज्या गावच्या शिवेत शिरे त्या गावाने एक तर तो आपल्या शिवेबाहेर गेल्याचे दाखवायचे, नाही तर गुरांची भरपाई करायची. कंपनी सरकारने १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी नियम केले तेव्हा ही जुनी रीत त्यांत सामावून घेतली. जनावर शेवटचे जिथे होते तिथल्या माणसांनी उत्तर द्यायचे, असा हा रोखठोक कायदा होता. आम्हाला ठाऊक नाही, एवढे म्हणून कोणाची सुटका होत नसे. अर्थात एकाच्या चोरीचा दंड साऱ्या गावाने भरायचा, हा त्यातला अन्यायही उघड होता.

मग १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला. गावकऱ्यांच्या बोलण्यात तो कोंडवाड्याचा कायदा. पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने पकडावे, कोंडवाड्यात नेऊन घालावे, धन्याने दंड आणि चाऱ्यापाण्याचा खर्च भरून सोडवून न्यावे, एवढेच त्याच्याबद्दल बहुतेकांना माहीत असते. दंडाचे दर कायद्यातच लिहिले होते: हत्तीला दोन रुपये, उंटाला किंवा म्हशीला आठ आणे, घोडा, बैल, गाय यांना चार आणे, वासरू, गाढव, डुक्कर यांना दोन आणे, शेळीमेंढीला एक आणा. पण या कायद्याचे खरे मोल त्याच्या कारकुनी कलमांत आहे.

जनावर आले की कोंडवाड्याच्या रखवालदाराने वहीत लिहायचे: किती जनावरे, त्यांचे वर्णन काय, कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी आली, आणणाऱ्याचे नाव-गाव काय, धनी माहीत असेल तर त्याचे नाव-गाव काय. या नोंदीची नक्कल आणणाऱ्याच्या हाती द्यायची. दंडाचे आणि चाऱ्याचे दर कोंडवाड्याजवळ सर्वांना दिसतील असे लावायचे. धनी जनावर न्यायला आला की त्याने वहीत पावती लिहून द्यायची. सात दिवसांत कोणी आले नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचे, मग त्या गावात आणि जवळच्या बाजाराच्या ठिकाणी दवंडी पिटायची. त्यानंतरही सात दिवस वाट पाहायची आणि मगच जाहीर लिलाव करायचा. लिलावातून दंड आणि खर्च वजा जाता जी रक्कम उरेल ती हिशेबासकट धन्याला द्यायची. धनी सापडला नाही तर तीन महिने ती ठेव म्हणून राखायची. जनावर बेकायदा पकडले असे धन्याला वाटले तर त्याने दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी. ती खरी ठरली तर नुकसानभरपाई मिळे. कामात कुचराई करणाऱ्या रखवालदाराला पन्नास रुपयांपर्यंत दंड होई.

यातले एक कलम तर मुद्दाम थांबून वाचावे असे आहे. या कायद्याखालच्या लिलावात पोलीस अंमलदार, दुसरा कोणी अधिकारी किंवा कोंडवाड्याचा रखवालदार यांपैकी कोणीही जनावर विकत घेऊ शकत नाही, स्वतः नाही आणि दुसऱ्याच्या आडूनही नाही. ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याचा त्या जनावरात लाभ असता कामा नये, हे तत्त्व इथे दीडशे वर्षांपूर्वी साध्या भाषेत लिहिले आहे. जनावर उपाशी ठेवून त्याची किंमत पाडायची आणि मग स्वस्तात आपल्याच दावणीला बांधायचे, ही लबाडी कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असल्याशिवाय असे कलम सुचत नाही.

पिंपळनेरच्या पश्चिमेच्या पाड्यांवर मात्र या वहीची ओळख वेगळ्या रीतीने झाली. १८७८ चा वन कायदा आला, जंगलांना राखीव रेघा पडल्या आणि राखीव जंगलात शिरलेले जनावर हे पिकात शिरलेल्या जनावरासारखेच धरले जाऊ लागले. पिढ्यानपिढ्या ज्या रानात गुरे चरली त्याच रानातून ती हाकलत कोंडवाड्याकडे नेली जाऊ लागली. ज्या घरात रोकड क्वचितच दिसे त्या घराला चार आण्यांचा दंड आणि चाऱ्याचा खर्च जड होता. राखीव जंगलांमुळे गरिबांच्या गुरांची चराई कशी बंद पडली, याबद्दल जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पोटतिडकीने लिहिले आहे. पकडलेली गुरे जबरदस्तीने सोडवून नेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होती. नोंद चोख असली म्हणून न्याय होतोच असे नाही. वहीत सगळे बिनचूक लिहिलेले असतानाही बाहेर माणूस नागवला जाऊ शकतो आणि आत जनावर उपाशी राहू शकते.

महाराष्ट्रात पांजरपोळाची गोष्ट सुरू होते ती कुत्र्यांपासून, आणि तीही मुंबईत.

मोकाट कुत्री उन्हाळ्यात मारण्याची परवानगी देणारा पोलिसी नियम मुंबईत आधीपासून होता. १८३२ साली त्याची मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या आठ आण्यांनी घात केला. कुत्री पकडणारे शिपाई गल्ल्यांत शिरले आणि पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले, अशी लोकांची तक्रार होती. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान आहे. अंत्यविधीतही त्याला स्थान आहे. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटातल्या जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, कुलाब्याच्या छावणीची रसद अडवली गेली आणि सरकारला फौज बोलवावी लागली. पुढे जमशेदजी जीजीभाई आणि इतर शेटियांनी मध्यस्थी केली. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत, असा तोडगा निघाला.

पण बाहेर म्हणजे कुठे आणि तिथे खायला घालणार कोण? त्या प्रश्नातून १८३४ मध्ये जमशेदजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. एक पारशी, एक जैन. दोघांच्या धर्मांत प्राण्यांविषयीच्या भावनेची कारणे वेगळी होती, जबाबदारी मात्र त्यांनी मिळून उचलली. ही कल्पना त्यांच्याही आधीची. सोळाव्या-सतराव्या शतकांत गुजरातेत आलेल्या युरोपीय प्रवाशांनी खंबायतला पशुपक्ष्यांची रुग्णालये पाहून आश्चर्याने लिहून ठेवले आहे. मुंबईत नवे होते ते पैशाचे गणित. कापसासारख्या मालाच्या व्यवहारावर व्यापाऱ्यांनी आपणहून लाग, म्हणजे वर्गणी, बसवून घेतली. एखाद्या शेटियाच्या मर्जीवर पांजरपोळाचे पोट अवलंबून राहिले नाही. पेठ चालली की जनावरांचा चारा चालला.

पुढे हा नमुना इलाखाभर पसरला. नाशिकचा पंचवटी पांजरपोळ १८७८ चा. त्याआधीची दोन वर्षे दख्खनने भयंकर दुष्काळात काढली होती. जळगावला नेरी नाक्याजवळचा पांजरपोळ शहरात सर्वांना माहीत आहे. मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी सोसायटी निघाली आणि दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले. त्याच परिसरात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. नुसता चारा घालून भागत नाही, त्या जनावराला डॉक्टरही हवा, ही जाण या टप्प्यावर आली.

खानदेशच्या कापूस आणि भुसार पेठांत अशा कामांसाठी पैसा येई तो धर्मादायाच्या वाटेने. शेतकऱ्याची गाडी अडत्याच्या दारात लागली, माल मोजला गेला, की पट्टीतून आडत, हमाली, तोलाई कापली जाई आणि त्याच रांगेत धर्मादायाचे काही पैसे. कधी देवळासाठी, कधी धर्मशाळेसाठी, कधी गोरक्षणासाठी. शेतकऱ्याच्या घामाचा तो पैसा अडत्याच्या वहीत जमा होई. मग तो खरोखर चाऱ्याला गेला की अडत्याच्याच धंद्यात फिरत राहिला, हे विचारायला शेतकरी कुठे जाणार? १९२७ मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा झाला. पट्टीतल्या मनमानी कपातींना आळा घालणे हाही त्याचा एक हेतू होता.

यावर पक्का बंदोबस्त झाला तो १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, न्यासाची नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की त्याची दाखल करायची नोंद, न्यासाची जमीन विकायला आयुक्तांची परवानगी, हे सगळे त्या कायद्यातले. नाशिकच्या पांजरपोळाची चुंचाळे शिवारातली शेकडो एकर जमीन उद्योगांसाठी घ्यावी अशी मागणी २०२३ मध्ये पुढे आली, तेव्हा नाशिककरांनी तिला मोठा विरोध केला. जनावरांच्या नावाने राखलेल्या जमिनीचा निर्णय एका खोलीत गुपचूप होऊ नये, ही अपेक्षा लोकांच्या मनात किती खोल रुजली आहे हे तेव्हा दिसले.

याच कायद्यात धर्मादायाबद्दल एक स्वतंत्र कलम आहे, चौपन्नावे. धंद्याच्या रिवाजाने किंवा करारान्वये धर्मादाय कामाच्या नावाने जो कोणी पैसा कापून घेईल किंवा गोळा करील, तो त्या पैशाचा विश्वस्त ठरतो. पैशाला नाव काहीही द्या. आपले हिशेबाचे वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत त्याने धर्मादाय कार्यालयाला हिशेब द्यायचा. पुढे या कायद्यात आणखी एक तरतूद आली, ४१ क. धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करणाऱ्यांनी त्याची माहिती धर्मादाय आयुक्तांना द्यायची. गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे कलम तोंडपाठ असते. वर्गणीची परवानगी ती हीच. गल्लीतले मंडळ दहा दिवसांच्या उत्सवासाठी ही परवानगी काढते. मग जखमी कुत्र्याचा फोटो फोनवर फिरवून, खाली क्यूआर कोड लावून वर्षभर पैसे जमवणाऱ्या गटालाही हिशेबाची तीच शिस्त हवी. देणगीदार धुळ्याचा असो की दुबईचा, त्याने पैसा विश्वासाने दिला आहे, आणि तो घेणाऱ्याने संस्था नोंदवलेली असो वा नसो, विश्वस्तपण अंगावर घेतलेच आहे.

गांधीजींनाही या कामातली ढिलाई फार खुपे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी गोरक्षण परिषद भरली, तिचे अध्यक्ष तेच होते. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले की गोशाळा आणि पांजरपोळ जाणकार माणसांच्या हाती असावेत, ते शास्त्रशुद्ध रीतीने चालावेत, तिथे दूध, कातडे आणि खत यांचा नीट विचार व्हावा. पुढे १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याला गोसेवा संघाचे काम सुरू केले ते याच विचारातून. पुण्य पदरात पडले की देणाऱ्याचे काम संपले, या समजुतीवर गांधीजींचा रोख होता. दान देणाऱ्याने पुढे काय झाले ते विचारले नाही, तर घेणाराही सांगत नाही.

१८३२ च्या आठ आण्यांचा धडा महाराष्ट्राला पुढेही पुन्हा पुन्हा गिरवावा लागला. पैसा दर जनावरामागे मिळत असेल, तर जनावरांची संख्या फुगते किंवा जनावरांचा जीव स्वस्त होतो. २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यात चारा छावण्या उघडल्या, अनुदान दर जनावरामागे दर दिवशी. छावण्यांतल्या गैरव्यवहाराचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१९ मध्ये पुन्हा छावण्या लागल्या तेव्हा जनावरांना बारकोडचे बिल्ले लावून मोजणी सुरू झाली. छावणीत दिवसाचे शेण काढणाऱ्या, पहाटे उसाचे वाढे तोडून टाकणाऱ्या असंख्य कार्यकर्त्यांनी लाखो गुरे त्या दुष्काळांत जगवली, हेही तितकेच खरे. थोड्यांच्या खोट्या आकड्यांमुळे सगळ्यांच्या कष्टांवर संशय आला. हिशेब चोख असता तर प्रामाणिक माणसाला त्याचाच आधार झाला असता.

सध्याचा टप्पा मार्च २०१५ पासून सुरू होतो. त्या महिन्यात राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही पूर्ण बंदी लागू झाली. पोलिसांनी पकडलेली गुरे खटला संपेपर्यंत जवळच्या गोसदनाकडे, गोशाळेकडे किंवा पांजरपोळाकडे सोपवायची आणि त्यांच्या सांभाळाचा खर्च आरोपीने द्यायचा, असे या कायद्यात आहे. त्यामुळे गोशाळा एका नव्या भूमिकेत आली. तिच्या दावणीला बांधलेली गाय आता न्यायालयातला मुद्देमाल असते. आरोपी निर्दोष सुटला तर ती त्याला परत द्यायची आहे. कधी कधी तो साधा शेतकरी असतो, बाजारातून बैल घेऊन घरी निघालेला. तोवर ती गाय व्याली, मेली, की कोणाला देऊन टाकली?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला आहे. १९९८ मध्ये गुजरातच्या देवदर पांजरपोळाच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की जनावरांचा ताबा पांजरपोळाला द्यायचा की धन्याला, हे गुन्ह्याचे स्वरूप, आधीचा इतिहास आणि धन्याचा हक्क पाहून ठरवावे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी पकडलेल्या जनावरांची पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी आणि ओळखखूण करणे बंधनकारक केले. जानेवारी २०२१ मध्ये याच नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने हरकत घेतली: ज्याचे पोट जनावरावर चालते त्याच्याकडून ते निकालाआधीच कायमचे काढून घेता येणार नाही. वाचवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, ज्याच्याकडून जनावर काढून घेतले त्या माणसाच्या हक्काचे उत्तर त्याला द्यावेच लागते.

या काळात कोंडवाड्याची वही नव्या रूपात परत आली. १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला राज्यात मनाई झाली. बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक शासनाच्या संगणकात नोंदलेला असतो. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने नोंदणीकृत गोशाळांना देशी गायीमागे दर दिवशी पन्नास रुपये अनुदान देण्याचे ठरवले. अनुदानासाठी गोसेवा आयोगाकडे नोंदणी हवी, किमान पन्नास जनावरे हवीत, कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला हवा. हाही दर जनावरामागचा पैसा आहे, म्हणून बिल्ल्याची अट महत्त्वाची. तो बिल्ला कोण तपासतो आणि किती वेळा तपासतो, यावर पुढचे सगळे ठरेल.

कुत्र्यांच्या बाबतीत मुंबईने १९९४ मध्ये दिशा बदलली. महापालिकेने कुत्री मारणे थांबवून नसबंदीचा मार्ग धरला. २००१ मध्ये त्याचे केंद्रीय नियम झाले आणि मार्च २०२३ मध्ये ते नव्याने आले. जिथून कुत्रे उचलले त्याची नोंद ठेवायची, त्याला क्रमांकाची ओळख द्यायची, नसबंदी आणि लसीकरण करून कानावर खूण करायची आणि जिथून आणले तिथेच सोडायचे. काढलेल्या अवयवांची मोजणी करूनच शस्त्रक्रियांचा आकडा मान्य करायचा. ही शेवटची अट ऐकायला विचित्र वाटते, पण तिच्यामागे शुद्ध अनुभव आहे. पैसे दर शस्त्रक्रियेमागे दिले जातात, म्हणून शस्त्रक्रिया झाल्याचा पुरावा हातात धरता यावा असा हवा.

या सगळ्या व्यवस्थेतून निसटते ते एकच काम, दत्तक देण्याचे. ते बहुतेक ठिकाणी नोंदणी नसलेल्या गटांकडून होते. शिकणारी मुले, नोकरदार स्त्रिया, एखादा मेडिकलवाला, एखादा पशुवैद्य. ते पदरमोड करतात, रात्री-अपरात्री धावतात आणि त्यांच्यामुळेच रस्त्यावरची हजारो पिल्ले घरांत वाढली आहेत. चांगले गट दत्तक घेणाऱ्याकडून अर्ज भरून घेतात, घर पाहून येतात, नसबंदीची लेखी हमी घेतात, काही महिने फोटो मागतात आणि जमले नाही तर पिल्लू परत आमच्याकडेच द्या, असे बजावतात. ही शिस्त त्यांनी स्वतः घडवली आहे. पण कागद एकाच माणसाच्या घरी किंवा फोनमध्ये राहतात. तो माणूस शहर सोडून गेला, आजारी पडला, गटात भांडण झाले की सारी नोंद त्याच्याबरोबर जाते. निवाऱ्यात साठ कुत्री झाली आणि सांभाळणारा एकटा उरला, तर त्या मायेच्या घरातच जनावरांची उपासमार सुरू होते. बाहेरच्या कोणाला ती कळत नाही, कारण आत जाऊन पाहण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नसतो.

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरची कुत्री दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना पालिकेकडे अर्ज करण्याची वाट दाखवली. एकदा दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे दत्तकाची नोंद आता सार्वजनिक दप्तरात येऊ शकते. हे दप्तर कसे असावे यासाठी फार शोध करायला नको. जनावराचे वर्णन आणि फोटो, ते कुठे आणि कधी सापडले, कोणी आणले, कोणत्या डॉक्टरांनी तपासले, कोणाच्या हवाली केले, सहा महिन्यांनी कोणी जाऊन पाहिले, मेले असेल तर कशाने. आणणाऱ्याला नोंदीची नक्कल. देणगीचा जमाखर्च महिन्याच्या महिन्याला उघड. गटातल्या कोणी वाचवलेले जातिवंत पिल्लू स्वतःच्या फायद्यासाठी विकायचे नाही. यातली बहुतेक कलमे १८७१ ची आहेत. भर घालायची ती डॉक्टरच्या तपासणीची आणि घर पाहण्याची, आणि ती पांजरपोळाच्या परंपरेतून येते.

पिंपळनेरला आता नगरपरिषद आहे. ग्रामपंचायतीच्या काळातली मोकाट गुरांची जबाबदारी तिच्याकडे आली आहेच, पण २०२३ च्या नियमांनी कुत्र्यांचीही जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे. त्यासाठी देखरेख समिती हवी. तिच्यात मुख्याधिकारी, आरोग्य आणि पशुसंवर्धन विभागांची माणसे आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी असतात. या प्रतिनिधींनी पहिल्याच बैठकीत एक ठराव मांडावा. महिन्यात किती जनावरे उचलली, किती सोडली किंवा दत्तक दिली, किती मेली आणि त्यांवर किती खर्च झाला, हे चार आकडे दर महिन्याच्या पाच तारखेला नगरपरिषदेच्या दर्शनी फलकावर लागावेत, आणि वही कोणाही नागरिकाला कार्यालयाच्या वेळेत पाहता यावी. या ठरावाला वेगळा निधी लागत नाही.